खुराजवळचा ठिपका

"किती म्हणालीस?"

एवढंच. बाहेर व्हरांड्यात ड्रिल चालू होतं, नव्या यंत्राची केबल आणायला भिंत फोडत होते, आणि त्या घरघराटात त्याने मान वर करून मला विचारलं, किती म्हणालीस. आणि मी खुळी उत्तर द्यायला तोंडही उघडलं. मग तसंच मिटलं. इतक्या वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. मीही त्याला विचारलं नव्हतं. जेवलीस का, गोळी घेतलीस का, किल्ली कुठे ठेवलीस, हे सगळं रोजचंच. नवराबायकोत दुसरं काय विचारतात? पण मोजणीच्या खोलीत, आपला आकडा सांगायच्या आधी, दुसऱ्याचा आकडा विचारायचा म्हणजे परीक्षेला शेजारच्याच्या पेपरात डोकावायचं. तो स्वतःच दचकला. घाईघाईने म्हणाला, "नाही, म्हणजे, ह्या ड्रिलमध्ये खिडकीवालीला ऐकू गेलं की नाही, म्हणून म्हटलं." खिडकीवाली म्हणजे पलीकडच्या खोलीत संगणकापुढे बसणारी मुलगी. दोन खोल्यांमधल्या भिंतीत तिकिटाच्या खिडकीएवढी खिडकी आहे. तिथे जाऊन आम्ही आकडा बोलायचा आणि तिने तो टाइप करायचा. तिला नीट ऐकू गेलं होतं. तिने हात उंच करून मला अंगठाही दाखवला होता, आणि तो तिकडेच तोंड करून बसला होता.

मी माझ्या स्टुलावर येऊन बसले. काहीतरी करायला हवं म्हणून भिंगाची काच पदराने पुसली. पदराने पुसायची नाही असा नियम आहे, तो मीच नव्या लोकांना सांगत आले, पण आता नवे लोक येतच नाहीत. ड्रिल थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं, आणि दर वेळी टेबलावरच्या काचा बारीक थरथरायच्या.

आमचं काम लोकांना सांगून पटत नाही. ताऱ्यांचं काम म्हटलं की त्यांना वाटतं आम्ही रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसतो. कसलं काय! नऊ ते पाच, डबा घेऊन, बँकेतल्यासारखं. फार पूर्वी दुर्बिणीला काचा लावून आकाशाचे फोटो काढत, त्या काचा तळघरात पेट्या भरभरून पडल्या आहेत. त्यातली एकेक काढायची, दिव्याच्या पेटीवर ठेवायची आणि भिंग डोळ्याला लावायचं. काचेवर सगळा उलटा कारभार: आकाश पांढुरकं, तारे काळे. तारा जितका तेजस्वी तितका ठिपका मोठा. आमचा तारा दक्षिणेकडच्या नरतुरंगात आहे, वर माणूस आणि खाली घोडा असलेला तो तारकासमूह, त्याच्या मागच्या पायाच्या खुराजवळ. दिसायला एकच ठिपका, पण आत दोघं आहेत. एकमेकांभोवती फिरतात, आणि इतके लगटून की कुठल्याच काचेवर, कुठल्याच दुर्बिणीतून ते आजवर कुणाला सुटे दिसलेले नाहीत. एक दुसऱ्याच्या पुढे आला की उजेड कमी होतो, बाजूला सरला की वाढतो. ह्या कमीजास्तीवरूनच कळायचं की आत दोघं नांदताहेत. आम्ही ती कमीजास्त डोळ्याने जोखतो. शेजारच्या ओळखीच्या ताऱ्यांशी ताडून बघायचं, ह्याच्यापेक्षा लहान, त्याच्यापेक्षा मोठा, आणि एक आकडा बोलायचा. डोळ्याचा अंदाज, दुसरं काही नाही. म्हणूनच दोघं लागतात. एकाने बघायचं, आकडा सांगायचा. तोवर दुसऱ्याने बाहेर व्हरांड्यात जाऊन उभं राहायचं. मग दुसऱ्याने. दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की आपला डोळा त्याच्याकडे झुकतो, कितीही प्रामाणिक असलात तरी.

लग्नाआधी मी त्याला ह्याच खोलीत भेटले. म्हणजे भेटले कसली, तो आत असला की मी व्हरांड्यात आणि मी आत असले की तो. तरी जमलं. सासूबाईंना माझं नवऱ्याला अरे-तुरे करणं शेवटपर्यंत खपलं नाही, पण ऑफिसातली सवय, ती काय मंगळसूत्र घातल्याने जाते? सवयी तिथून घरी आल्या त्या आल्याच. आपलं मत आपण बनवायचं, ते पक्कं होईपर्यंत दुसऱ्याला सांगायचं नाही. सिनेमा बघून आलो तर दोन दिवस घरात त्याचं नाव निघायचं नाही. मुलीला सायकल हवी होती; तिच्या वाढदिवसाला मी एक आणली आणि संध्याकाळी हाही एक घेऊन दारात उभा. मुलगी हसून हसून जमिनीवर लोळली. ती आता लांब असते, फोनवर अजून सगळ्यांना ते सांगते. पण दुसरंही एक आहे, ते ती सांगत नाही, कारण तिला ठाऊकच नाही. माझ्या छातीत गाठ लागली होती तेव्हाची गोष्ट. तपासणीचा निकाल मी एकटीने आणला. गाठ साधी होती. घरी येऊन मी कणीक मळली, कुकर लावला, काही बोलले नाही, कारण माझंच अजून ठरत नव्हतं की आनंद झालाय का नुसता थकवा आलाय. तोही काही बोलला नाही. जेवताना त्याने माझ्या पानात न विचारता आणखी भात वाढला आणि तिथे मला कळलं की त्याने दुपारीच डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलंय. दोघांना माहीत, दोघं गप्प, आणि भात गिळतोय. तेव्हा मला ते फार थोर वाटलं होतं. आज त्या भाताची आठवण झाली आणि ते थोर वाटेना.

कारण आकडे. स्टुलावर बसल्या बसल्या गेल्या वर्षभरातले आकडे माझ्या डोक्यात आपोआप सरकायला लागले. आमच्यात आकडा लहान म्हणजे तारा जास्त उजळ. आणि त्याला आपला तारा पहिल्यापासून माझ्यापेक्षा थोडा उजळच दिसतो. मी आठ पॉइंट सहा म्हणाले तर तो आठ पॉइंट पाच. माणसामाणसाच्या डोळ्यात असा फरक असतोच. मी त्याला चिडवायचे, तुला सगळं जगच एक घर जास्त उजळ दिसतं, म्हणून तर माझ्याशी लग्न केलंस. पण हा फरक म्हणजे काही पट्टीने आखलेली रेघ नव्हे. कधी एकाचा, कधी दोनाचा, कधी दोघांचा आकडा तोच, आणि पावसाळी दिवशी, सर्दीबिर्दी असली की कधी मलाच तो जास्त उजळ दिसायचा. खऱ्या डोळ्यांचं असंच असतं. गेल्या वर्षभरात मात्र एक. दर वेळी एक. मी सहा तर तो पाच, मी नऊ तर तो आठ. मागच्या महिन्यात साहेबांनी आमचं कौतुकही केलं. साहेब म्हणजे आमचे प्रमुख, आमच्याहून बरेच लहान. भिंग कसं धरायचं ते त्यांना ह्यानेच शिकवलं. ते म्हणाले, "काय बसलीय नजर तुमची! फरक म्हणजे अगदी घड्याळासारखा." आम्ही दोघं हसलो होतो. मी खरी हसले होते. तो कसा हसला ते आठवायचा मी आता प्रयत्न करत होते आणि आठवत नव्हतं.

गुडघा! गेल्या वर्षी त्याचा गुडघा दुखायला लागला. व्हरांड्यात उभं राहवत नाही म्हणाला, म्हणून मी आकडा सांगायला खिडकीशी जाते तेव्हा तो खोलीतच बसतो. म्हणाला, मी काही कान लावून बसत नाही. मी म्हटलं, बस की, तुझ्यावर काय पहारा ठेवायचाय? पूर्वी पाळ्या आलटूनपालटून असायच्या. गुडघ्यापासून पहिली पाळी माझीच. म्हणजे मी खिडकीशी बोलायचे, हा ऐकायचा, मग भिंगावर वाकून थोडा वेळ तसाच राहायचा, आणि उठून जायचा आणि एकाने कमी आकडा सांगायचा. आमच्यातला फरकसुद्धा त्याने हिशेबाने आणला होता. किती विचार केला असेल! बरोबर तोच आकडा सांगितला असता तर मी दोन दिवसांत पकडला असता, हे त्याला पक्कं ठाऊक. मला एकदम इतका राग आला की हातातलं भिंग टेबलावर ठेवताना आवाज झाला. तो दचकून म्हणाला, "काय पडलं?" भिंग त्याच्यासमोर, हाताच्या अंतरावर होतं.

मग एकेक करून सगळं यायला लागलं. वर्तमानपत्र वाचणं सोडलं: "त्यात काय असतं हल्ली!" चहा ओतताना बशीत सांडतो, आणि मी दर वेळी वस्सकन ओरडते, लक्ष कुठे असतं तुझं. जिन्यात शेजारच्या वहिनी हसल्या तर हा तसाच पुढे, आणि त्या मला विचारतात, काही चुकलं का आमचं. आणि रस्ता ओलांडताना त्याने माझं कोपर धरायला सुरुवात केली. हे मात्र लागलं. लग्नानंतरही कधी भर रस्त्यात हात न धरलेला हा माणूस, गेल्या वर्षापासून सिग्नलशी आला की हळूच माझं कोपर धरतो, पलीकडे गेल्यावरही जरा वेळ सोडत नाही. मी मनातून सुखावले होते. बहिणीला फोनवर सांगितलंसुद्धा, म्हातारपणी बघ कसा पाझर फुटलाय. बहीण म्हणाली, नशीबवान आहेस बाई. हो तर. नशीबवान. गाड्या दिसत नव्हत्या त्याला, एवढंच होतं ते.

मी खूप थकले. म्हणजे त्या क्षणी एकदम थकवा आला असं नाही. होताच, फक्त त्याला आता कारण मिळालं. ह्या वर्षभरात एकेक काच मी नीट बघितली ती ह्या भरवशावर की माझं चुकलं तर शेजारी दुसरा डोळा आहे. तो नव्हताच. मी एकटीच बघत होते. हे पहिल्यांदा मनात स्वच्छ उमटलं तेव्हा मला रडू आलं, आणि रडू आलं की भिंगातून काही दिसत नाही, म्हणून मी ते आवरलं. असली मी बाई!

बोलायचं तर काय बोलायचं? साहेबांचा लेख पुढच्या आठवड्यात जायचा होता. त्या दोन ताऱ्यांतला एक दुसऱ्याला हळूहळू ओढून घेतोय, म्हणून उजेड कमी व्हायची वेळ सरकतेय, असं त्यांना दाखवायचं होतं. आणि त्याचा सगळा भार आमच्या आकड्यांवर. सकाळीच येऊन म्हणाले, "दोन स्वतंत्र नजरा आहेत, त्यातच सगळं आलं." गप्प बसले तर लेख जाईल, महिन्या-दोन महिन्यांत नवं यंत्र येईल, काचा तेच वाचेल, आम्हाला गुच्छ देऊन घरी पाठवतील आणि ह्याचं नाव चांगलं राहील. कुणाला कळणार नाही. पण यंत्र त्याच काचा पुन्हा वाचणार, आणि तेव्हा कुणीतरी विचारेल. आणि मी आज सांगितलं तर? साहेब वाईट नाहीत, कीव करतील. पण पहिला प्रश्न विचारतील: कधीपासून? ते मला कुठे ठाऊक होतं! मला वर्ष वाटतंय, दीडही असेल, दोनही असतील. कधीपासून ते सांगता आलं नाही तर ते त्याचे सगळेच आकडे काढून टाकतील, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. ऐन तिशीतले, नजर शिकाऱ्यासारखी होती तेव्हाचे, ताप अंगात घेऊन बघितलेले, मुलीच्या जन्माच्या दिवशी दवाखान्यातून परत येऊन बघितलेला तो एक, सगळे. माणसाने जन्मभर जे पाहिलं ते पाहिलंच नाही असं होणार. आणि ते वाचवायचं तर तोंड त्यानेच उघडायला हवं होतं. मी त्याच्या वतीने बोलून भागणार नव्हतं.

ड्रिल थांबलं. मजूर चहाला गेले असावेत. एकदम इतकं शांत झालं की दिव्याच्या पेटीची गुणगुण ऐकू यायला लागली. त्याचा आकडा राहिलेली काच बाजूला सारून मी पुढची काढली, त्याच्यासमोर ठेवली, खुराजवळची जागा बोटाने दाखवली. दाखवायची काही गरज नसते, तो ती जागा झोपेत सांगेल.

"आज आधी तू," मी म्हटलं.

"का? तुझी पाळी आहे."

"असू दे. माझे डोळे दुखताहेत."

त्याने भिंग घेतलं, वाकला. नियमाने मी बाहेर जायला हवं होतं. दारापर्यंत गेलेही, आणि तिथून परत आले. त्याची पाठ दिसत होती, शर्टाची कॉलर एका बाजूने आत दुमडलेली. सकाळी आरशात बघून त्याने ती नीट केली असती. मी त्याच्या मागे उभी होते आणि मला वाटत होतं, आता हा खोटा आकडा सांगणार. आठवणीतून काढून, हिशेब करून सांगेल, हुशार आहे. सांगितलाच तर मी काय करायचं? मी जाऊन दुसरा आकडा सांगेन आणि घरी जाऊन कणीक मळेन. बाकी सगळं तसंच चालेल, भातासारखं.

"अगं," तो म्हणाला. भिंगावरून डोकं न उचलता. "मला दोन दिसतात."

"काय दोन?"

"आपला तारा. दोन दिसताहेत. एकाला एक चिकटून."

सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मला आनंदच झाला. आजवर कुणाला दिसले नाहीत ते! मग मी विचारलं, "बाकीचे?"

"बाकीचेही दोन-दोनच." तो हसला. "सगळ्या आकाशाची लग्नं लागलीत. आणि मधोमध कुणी बोट फिरवल्यासारखं पुसट आहे."

मी स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसले. तो अजून वाकलेलाच होता, जणू वर बघितलं तर मी दिसेन ह्याची त्याला भीती.

"डॉक्टरकडे गेलास?"

"तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा. पडद्याचं आहे म्हणाले. मोतीबिंदू असता तर काढला असता. हे आहे ते एवढं राहिलं तरी नशीब."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"मत पक्कं व्हायचं होतं."

"काय मत?"

"हेच, की दिसतं का नाही. रोज सकाळी वाटायचं, आज दिसेल." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तुझ्या शेजारी बसायचं होतं. घरी एकट्याने बसून काय करू?"

"वर्षभर मी एकटी बघत होते रे! एकटी! आणि तू आपला माझ्यातून एक वजा करत बसलास!"

"तेवढाच असतो ना फरक आपल्यात."

"नसतो! कधी दोन असतो, कधी काहीच नसतो!"

"एवढं कुठे लक्षात ठेवणार?"

"लक्षात ठेवायचं नसतं. बघायचं असतं." माझा आवाज चढला होता. खिडकीवालीने मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. त्याने भिंग खाली ठेवलं. हाताने चाचपून टेबलाची कड शोधली, आणि मी मदत केली नाही; करायला हात उचलला होता, पण केली नाही. आता तो ते लपवत नव्हता. तो उठला आणि कडेला हात लावत लावत खिडकीशी गेला. गुडघा चांगला खणखणीत होता.

"काका, आकडा?" खिडकीवालीने विचारलं.

"आज माझा नाही. आणि मागच्या उन्हाळ्यात आपण नवी पेटी उघडली बघ, कोपरा फुटलेली? त्या पेटीपासूनचे माझे सगळे काढून टाक."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली नाही, काहीच केलं नाही.

"का पण, काका?"

"दिसत नव्हतं म्हणून. साहेबांना मी सांगतो, तू नको सांगूस." त्याने खिडकीची कड घट्ट धरली होती. "त्याच्या आधीचे ठेव. ते मी बघितलेले आहेत."

साहेबांच्या खोलीत तो एकटाच गेला. मी व्हरांड्यात उभी राहिले, जुन्या नियमासारखी, मजुरांनी पाडलेल्या विटांशेजारी. आत काय बोलले ते मला ऐकू आलं नाही आणि तो बाहेर आला तेव्हा मी विचारलंही नाही. त्यानेच सांगितलं. आपणहून, दाराबाहेर पाऊल ठेवल्या ठेवल्या: लेख थांबवलाय, यंत्र आलं की त्या पेटीच्या काचा पुन्हा वाचतील, बाकी सगळे राहतील. "आणि साहेब रडले," तो म्हणाला. "वेडा आहे. मला म्हणतो, सर, तुम्ही मला का नाही सांगितलंत. तूही तेच म्हणालीस. सगळ्यांचं तेच."

आम्ही वेळेआधीच निघालो. बाहेर ऊन होतं. एवढ्या लवकर घरी जायची सवय नाही, त्यामुळे रस्ता परका वाटत होता; शाळा सुटलेली, रिक्षावाल्यांची भांडणं, आणि फळवाला आमच्याकडे बघून म्हणाला, आज सुट्टी वाटतं. सिग्नलशी आलो. तो माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला, दोन्ही हात खिशात. गाड्या थांबल्या, लोक ओलांडायला लागले. तो हलला नाही.

"अरे, धर की," मी म्हटलं.

"आता कशाला? कळलंय ना तुला. तुला वाटणार, दिसत नाही म्हणून धरतोय."

"मग कशासाठी धरायचास?"

त्याने विचार केला. खरंच विचार केला, आकडा सांगण्याआधी करायचा तसा, आणि मी मधे बोलले नाही.

"सुरुवातीला दिसत नव्हतं म्हणून," तो म्हणाला. "नंतर दोन्ही."

तोवर सिग्नल पुन्हा लाल झाला होता. त्याने खिशातून हात काढला, माझं कोपर पहिल्या खेपेला हुकलं, मग सापडलं. आम्ही पुढच्या हिरव्याची वाट बघत उभे राहिलो आणि मी त्याला कुठल्या रंगाची गाडी जातेय ते सांगत राहिले.